ला फिएर बुडाली नाही

आम्ही मूळचे कात्रजचे. म्हणजे तुम्ही आता बघता ते ट्रॅफिकचं आणि सर्पोद्यानाचं कात्रज नव्हे, माझ्या लहानपणी ते गाव होतं, घरासमोर ज्वारी असायची आणि वडील दुधाच्या डेअरीत कॅन उतरवायच्या कामाला होते, पहाटे जायचे आणि दुपारी अंगाला दुधाचा आंबूस वास घेऊन परत यायचे. घरात सगळ्यांचेच आवाज मोठे, बांधावरून हाका मारायची सवय ना, पण माझा आवाज मोठा असून कानाला लागत नाही असं शाळेतल्या बाई म्हणायच्या, आणि प्रार्थना सांगायला मला पुढं उभं करायच्या. बोली आमची गावाकडची, हाय, न्हाय, कुटं चाललीस. आणि दिलं कुठं, तर सदाशिव पेठेत. माझं माहेरचं नाव शेवंता, ते पेठेत चालणार नव्हतं, म्हणून लग्नात सुमन झालं. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, सुमन, हाय आपण साहेबाला म्हणतो, चहाला नाही, चहा झाला आहे. हसून म्हणाल्या, पण म्हणाल्या. मी त्यांच्यावरच्या रागानं शुद्ध बोलायला शिकले आणि असं शिकले की पुढं त्यांच्याच माहेरची माणसं मला विचारायची, तुम्ही पेठेतल्याच ना.

आमच्या ह्यांचा लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, मुंज, सत्यनारायण, आणि गणपतीचे दहा दिवस तर विचारू नका, घरभर वायरींची वेटोळी, पाय ठेवायला जागा नाही. एका वर्षी मंडळाचा बोलणारा माणूस आलाच नाही आणि गर्दीत कुणाची तरी मुलगी हरवलेली, हे म्हणाले, तू बोल. मी माइक हातात घेऊन सांगितलं की निळा फ्रॉक घातलेली मुलगी मंडपाच्या डाव्या बाजूला सुखरूप आहे, आईनं घाबरू नये. ती आई आली धावत आणि मला म्हणाली, तुमचा आवाज ऐकला आणि जिवात जीव आला. तिथून माझं सुरू झालं. मग देखाव्यांचं निवेदन माझ्याकडे आलं. म्हणजे बघा, मंडपात अंधार होतो, पुतळे हलायला लागतात, दिवे लागतात, विझतात, आणि मागून एक आवाज गोष्ट सांगत असतो, तो आवाज माझा. गडावरच्या स्वाऱ्या झाल्या, संतांच्या गोष्टी झाल्या, हुंडाबंदी झाली, पाणी वाचवा झालं. मंडपाबाहेर पाटी लागते, मूर्ती कुणाची, सजावट कुणाची, विजेचं काम कुणाचं, त्या पाटीवर माझं नाव कधीच नाही. ह्यांना म्हटलं तर म्हणायचे, अगं, ध्वनिव्यवस्थेत आपलं दुकान लिहिलंय ना, तू काय दुकानाच्या बाहेरची आहेस का. हे गेले आता, मनानं फार चांगले होते, पण ह्या एका बाबतीत मला त्यांचा राग आहे आणि तो मी सोडलेला नाही.

मंडळाच्या गोष्टी लिहायच्या विद्याताई. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, आयुष्यभर फ्रेंच शिकवलं, पेठेतली कितीतरी पोरं त्यांच्या वरच्या खोलीतून थेट परदेशी गेली. लग्न केलं नाही आणि कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. त्या एवढ्या शिकलेल्या आणि मी कशीबशी मॅट्रिक, तरी आमची गट्टी जमली ती कामामुळं. माझं एक आहे, अर्थ कळल्याशिवाय माझ्या तोंडातून वाक्य निघत नाही, निघालं तरी पोकळ निघतं. म्हणून दरवर्षी रेकॉर्डिंगच्या आधी मी त्यांच्यासमोर जाऊन बसायची, हा असं का बोलला, तिला तेव्हा काय वाटलं असेल, सगळं विचारून घ्यायची, त्याही न कंटाळता सांगायच्या. मग घरी येऊन गाद्यांच्या कपाटाचं दार उघडायचं आणि त्यात तोंड घालून बोलायचं, गाद्या आवाज पितात, घुमत नाही. आता विद्याताईंच्या डोळ्यांचे पडदे गेलेत, समोर कुणीतरी आहे एवढंच कळतं, म्हणून रोज संध्याकाळी मी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवते. माणसं त्या आवाजावरनं ओळखतात. कान मात्र असे तिखट की जिन्यात कोण आलं ते चपलेवरनं सांगतील.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. मंडळाचा अध्यक्ष प्रशांत, हा लहान असताना गर्दीत हरवला तेव्हा मीच माइकवरनं ह्याच्या आईला बोलावलंय, आता मोठा माणूस झालाय, मला काकू म्हणतो, वाकून नमस्कार करतो. त्याच्या डोक्यात आलं की शेजारच्या मंडळानं किल्ला केलाय, आपण पुण्यात कुणी केलं नाही असं करायचं, समुद्र करायचा, खरं पाणी, त्यात डोलणारं जहाज. पुण्यात समुद्र, म्हटलं करा बाबांनो, रस्त्यावर दर पावसाळ्यात असतोच. विद्याताईंना म्हणाला, इंग्रजांची दाणादाण उडवणारं एखादं जहाज सांगा. त्या म्हणाल्या, एक आहे, ला फिएर, फ्रेंच लढाऊ जहाज, नेपोलियनच्या काळातलं, आपली पेशवाई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाचं, आणि आपल्याच समुद्रात फिरलेलं. ला फिएर म्हणजे मानी, बाईला म्हणतात तसं, मानिनी. प्रशांतनं तिथल्या तिथं पसंत केलं.

विद्याताईंनी मला ती गोष्ट सांगितली आणि मी लिहून घेतली, दोन-तीन संध्याकाळी नुसतं तेच चाललं होतं. फ्रान्सात लोरियां म्हणून बंदर आहे, तिथं तिला बांधलं, ओकच्या लाकडाची, तीन डोलकाठ्या, चाळीसेक तोफा, फार मोठी नाही पण पळायला चपळ. अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ती मॉरिशसला आली. ते बेट तेव्हा फ्रेंचांचं होतं, तिथं विसावा घ्यायचा, डागडुजी करायची, गोडं पाणी भरायचं आणि इकडं आपल्या समुद्रात उतरायचं, मलबारपासून बंगालपर्यंत, कंपनी सरकारची मालानं भरलेली जहाजं धरायची. हिची शिडं दिसली की इंग्रज व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. एवढा भाग मी असा रेकॉर्ड केला की प्रशांत ऐकून म्हणाला, काकू, अंगावर काटा आला. आला असेल, मलाही आला होता.

पुढं लंकेजवळ इंग्रजांच्या जहाजानं तिला गाठलं. लढाई झाली, कप्तान पडला, काठ्या मोडल्या, तिचं निशाण उतरवलं. बुडाली नाही ती. मी म्हटलं, बुडाली असती तर बरं झालं असतं हो. विद्याताई म्हणाल्या, थांब, गोष्ट आता सुरू होते. इंग्रजांनी तिला ओढत मुंबईला आणली, तिथल्या गोदीत आपल्या सुतारांनी आपलं सागवान तिच्या अंगात बसवलं, नव्या काठ्या उभ्या केल्या, पुन्हा ठणठणीत केली. आणि नाव तेच ठेवलं. मला वाटलं होतं बदलतील, आमची बदलतात तशी. नाही बदललं. कारण तीच शिडं, तोच आकार, तेच नाव, वर फ्रेंच निशाण लावून तिला मॉरिशसच्या आसपास फिरवायचे, लांबून फ्रेंच खलाशांना वाटायचं आपलीच आली, ते हात हलवत जवळ यायचे, आणि पुरते जवळ आले की निशाण बदलायचं आणि तोफा सुरू. तेव्हाच्या लढाईत हे चालायचं म्हणे, पहिला गोळा सुटायच्या आधी खरं निशाण चढवलं की नियमात बसलं. बघा, काय एकेक नियम करतात माणसं. आणि इंग्रजांनी ते बेटच घ्यायचं ठरवलं तेव्हा हिलाच पुढं घातलं. ज्या बंदरात ती विसाव्याला यायची त्याच बंदरावर तिच्या तोफा डागल्या. मग म्हातारी झाली, पाणी झिरपायला लागलं, तर इंग्लंडला नेऊन तिच्या काठ्या काढल्या, एका खाडीत साखळीनं बांधली आणि तिचा तुरुंग केला. कुणाचा, तर फ्रेंच कैद्यांचा. तिच्याच देशाची माणसं तिच्या पोटात कोंडली, ती तिच्याच भाषेत तिला शिव्या घालायची. युद्ध संपलं तशी फोडून तिचं लाकूड विकलं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोनशे वर्षांपूर्वीचं लाकडाचं जहाज, मी ते कधी बघितलं नाही, फ्रान्स कुठल्या दिशेला तेही मला सांगता येणार नाही, पण मला झोप लागेना. विद्याताई म्हणाल्या, हेच सांगायचंय आपल्याला सुमन, हार झाल्यावर काय काय करून घेतात ते कुणी सांगत नाही, सगळे लढाईपाशी थांबतात.

आता प्रशांतकडे या. तो शेवट वाचून म्हणाला, काकू, देखाव्यात हे चालत नाही, लोक पोराबाळांना घेऊन तासतास रांगेत उभे राहणार आणि शेवटी काय, तर तुरुंग. आपण असं करू, लढाई झाली, तिनं शरण जायला नकार दिला आणि ती जळत जळत समुद्रात बुडाली, धूर सोडू, लाल दिवे टाकू, शंख वाजवू. मी म्हटलं, अरे, ती बुडाली नाही. तर म्हणतो, काकू, आपल्यापुरती बुडाली. आपल्यापुरती. जसं काही ते ह्याच्या घरचं पातेलं आहे, ह्यानं बुडवलं की बुडालं. विद्याताईंना कळलं तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी त्यांचा हात धरून सांगितलं, विद्याताई, माझ्या तोंडून ते निघणार नाही, लढाईपर्यंतचं दिलंय, पुढचं खोटं मी म्हणणार नाही, शब्द देते. त्या म्हणाल्या, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. प्रशांतलाही मी तेच तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, बरं काकू, बघतो काय करायचं ते. मला वाटलं, शेवट मुका ठेवतील, नाहीतर दुसरी कुणी बाई बघतील. पुण्यात बोलणाऱ्या बायका काय कमी आहेत.

गणपती बसले. तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन येताना मंडपाशी थांबले. सुरुवात झाली, माझा आवाज, लोरियां, आफ्रिका, मॉरिशस, मलबार, सगळं नीट. लढाई झाली. मी म्हटलं आता बंद होईल. तर मीच पुढं बोलायला लागले. अहो, मीच. पण त्या मानिनीनं मान तुकवली नाही, ज्वाळांच्या शय्येवर ती समुद्रात विलीन झाली, पण शरण गेली नाही. माझा आवाज, माझं थांबणं, लांब वाक्याच्या आधी मी श्वास घेते तो श्वाससुद्धा. जहाज खाली गेलं, धूर सुटला, शंख वाजला. मी मोठ्यानं म्हटलं, हे मी नाही म्हणाले, हे खोटं आहे, ती बुडाली नाही. तर पुढची एक बाई, चांगली शिकलेली दिसत होती, मागं वळून म्हणाली, आजी, जरा गप्प राहता का, निवेदन ऐकू येत नाहीये.

मी तशीच मंडपाच्या मागं गेले. तिथं प्रशांत आणि त्याचा भाचा चिन्मय, हा आयटीवाला, कोथरूडला राहतो. चिन्मयनं मला सगळं हौसेनं समजावलं, जुनी सगळी रेकॉर्डिंग मंडळाकडे होतीच, ती कॉम्प्युटरला ऐकवली, आता काहीही टाइप केलं की तो माझ्या आवाजात म्हणतो. अगदी तुमचा गोल्डन पीरियडचा आवाज आहे, आजी, म्हणाला, आताच्यापेक्षा क्लिअर. मी प्रशांतला म्हटलं, मी नको म्हणाले होते ना तुला. तर तो म्हणतो, काकू, तुम्ही नको म्हणालात म्हणून तर तुम्हाला त्रास दिला नाही. आणि वर मला खुर्ची देऊन म्हणाला, उलट आनंद माना काकू, उद्या तुम्ही नसलात तरी तुमचा आवाज मंडळात राहणार. मी म्हटलं, अरे, मी आहे. मी असताना हे केलंस, नसताना काय काय म्हणायला लावशील. त्यावर हसला. बंद कर म्हटलं तर म्हणे, काकू, रांग कोपऱ्यापर्यंत गेलीये, आता मधेच कसं बदलू. पाटी बघितली का तुम्ही, म्हणाला. पाटीवर शेवटी एकदाचं लिहिलं होतं, निवेदन, सौ. सुमनताई. माझं नाव. इतक्या वर्षांनी लिहिलं आणि ते ह्या खोट्याखाली. हे जाऊन किती वर्षं झाली, तरी सौ. लिहिलंय ते वेगळंच.

हे सगळं मी सहन केलं असतं. मंडळांशी भांडून पुण्यात कुणाचं भलं झालंय. पण त्या संध्याकाळी पेपर वाचायला गेले तर विद्याताईंची खिडकी बंद. ऐन भाद्रपदात, एवढ्या उकाड्यात. मी पेपर उघडला तर म्हणाल्या, राहू दे आज. मी म्हटलं, बरं नाही का. म्हणाल्या, बरी आहे, तीन दिवस झाले ऐकतेय, इथपर्यंत स्वच्छ येतं गं, तुझा आवाज पोचतो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धडाधडा सांगायला लागले, कॉम्प्युटर, चिन्मय, टाइप करतात, मी नाही म्हणाले ते. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, सुमन, तीसेक वर्षं तुझा श्वास ओळखते मी, कॉम्प्युटरला श्वास कुठला. असू दे. प्रशांत शेजारचा, रोज तोंड बघायचं त्याचं, तुला नाही म्हणवलं नसेल. होतं असं. मी समजू शकते.

समजू शकते म्हणाल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं हो.

मी प्रशांतच्या मागं लागले, म्हटलं, तू स्वतः चल आणि त्यांना सांग. हो काकू, विसर्जन होऊ दे. विसर्जन झालं, मग हो काकू, दसरा होऊ दे. शेवटी मी चिन्मयला धरला, तो बिचारा रविवारी आला, पोरगा वाईट नाही, विद्याताईंच्या पाया पडला आणि म्हणाला, आजी, मी आत्ता तुमच्यासमोर प्रूव्ह करतो. मोबाइलवर काहीतरी लिहिलं, बटण दाबलं, आणि मोबाइलमधून मी बोलले. विद्याताई, देखाव्यातलं ते शेवटचं मी म्हणाले नव्हते, तुमचं मन दुखावलं ह्याचं मला फार वाईट वाटतंय. वाईट वाटतंय वगैरे त्यानं स्वतःच्या मनानं घातलं, चांगल्या हेतूनं. मधे श्वास घेतला, शेवटी आवाज जरा कापलासुद्धा.

विद्याताईंना मोबाइल दिसत नाही, त्याची बोटं दिसत नाहीत. त्यांनी चाचपत माझा हात शोधला, म्हणाल्या, वेडी आहेस का गं, मोबाइलमध्ये माफी भरून आणलीस, समोर बसून बोलायला एवढं जड गेलं तुला. मी म्हटलं, अहो ती मी नाही, ही मी, ही तुमच्यासमोर बसलेली. पण रागानं माझा आवाज चिरकला, हल्ली चिरकतो तो, आणि मी जसजशी ओरडून सांगायला लागले तसतशा त्या माझा हात थोपटायला लागल्या. म्हणाल्या, आता का भांडतेस, मगाशी किती मनापासून बोललीस. माफ केलं बाई मी तुला, केव्हाच केलं.

चिन्मय खाली बघत बसला होता. जिन्यात मला सॉरी म्हणाला.

ह्या वर्षी मंडळानं पाण्याचा समुद्र काढून टाकला, किल्ला केलाय, निवेदन मी केलेलं नाही, पण मीच बोलते. ऐकू येतं घरात, मी टीव्ही मोठा करते. विद्याताईंकडे रोज जाते, जाणार नाही तर काय करणार, त्यांना दुसरं कोण आहे, आणि खरं सांगायचं तर मला तरी कोण आहे. पेपर वाचते, हेडलाइन, मग निधनवार्ता, मग त्यांना आवडतं म्हणून हवामान. आताशा मी वाचताना त्या अधूनमधून म्हणतात, हे खरं छापलंय तसंच वाचतेस ना, आणि हसतात, गमतीनं म्हणतात हो, त्यांच्या मनात काही नाही. निघताना डोक्यावर हात ठेवतात, सुखी राहा म्हणतात, झालं गेलं मी मनातून काढून टाकलंय, तूही काढ. मी काही केलेलंच नाही, पण त्यांचं वय बघते, तोंड बंद ठेवते, वाकते आणि घरी येते.